लॉन काढा, तरवड लावा

पत्र :

आमचं घर लातूरला, शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत आहे. प्लॉट ४० बाय ६० फुटांचा, घर पश्चिमेला तोंड करून. समोर १५ फुटांची मोकळी जागा, दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचे पट्टे आणि मागे थोडं परसदार. वास्तुशांतीच्या वेळी हौसेने समोर ५०० चौरस फुटांचं लॉन करून घेतलं. बोअर होळीपर्यंत कसाबसा चालतो, मग टँकर. यंदा लॉन पिवळं पडलं, कडेची शोभेची झाडंही मान टाकू लागली. यजमान म्हणतात, हे सगळं काढून पेव्हर ब्लॉक टाकू, कटकट मिटेल. सासूबाईंना भीती वाटते की झाडोरा वाढला तर साप येतील. त्यांनी माहेरून फांदी आणून लावलेला चाफा तेवढा त्यांना ठेवायचा आहे. मला मात्र अंगण हिरवं हवं. देशी झाडं लावा असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ताम्हण आणावा म्हणते, आपलं राज्यफूल आहे. आणि दाराशी कडुनिंब हवा. जमीन काळी आहे. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. काय करू?

– एक वाचक, लातूर

उत्तर :

ताई, लॉन काढून टाका, आणि पुढच्या टँकरची वाट न पाहता या आठवड्यातच काढा. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण तुम्ही ते हौसेने केलं होतं. पण हिशेब बघा. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर तुमच्या ५०० चौरस फुटांना रोज सव्वादोनशे-अडीचशे लिटर पाणी झालं. मार्चपासून मृग निघेपर्यंतचे शंभर दिवस मोजले तर साधारण २३,००० लिटर. ५,००० लिटरचे चार-पाच टँकर नुसत्या गवतावर. तेही लातुरात, जिथे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. तुम्ही तेव्हा तिथे असाल तर त्या दिवसांबद्दल मी तुम्हाला वेगळं काय सांगणार.

आता दुसरी बाजू बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छत साधारण हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. लातूरचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. सातशेच धरले आणि वाया जाणारं सोडून दिलं, तरी ५०,००० लिटर पाणी दरवर्षी तुमच्या गच्चीवरून पाइपातून गटारात जातं. दहा टँकर! वाईट वर्षी याच्या निम्मं येईल, तरी पाच. तेव्हा पेव्हर ब्लॉकचा खर्च करण्याआधी त्या पैशातून गच्चीच्या पाइपाला गाळणी आणि खाली साठवणीची टाकी बसवून घ्या. टाकीला घट्ट झाकण हवं, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल. टाकी भरून वाहणारं पाणी घराच्या पायाशी मुरू देऊ नका. काळ्या जमिनीत पायाजवळचं पाणी वाईट. ते समोर कंपाउंडच्या कडेने चर काढून झाडांकडे वळवा.

आता झाडांचं. देशी झाड लावायचं हे तुमचं ठरलेलं आहे, ते योग्यच आहे. पण देशी म्हणजे कुठलं देशी, हे विचारायला हवं. ताम्हण आपला आहे, सुंदर आहे, पण तो मूळचा ओढ्याकाठचा, कोकणातल्या दमट जंगलांतला. त्याला लातूरच्या माळावर आणलं की तोही टँकर मागणार. सप्तपर्णीचं तेच, बकुळीचं तेच. रोपवाटिकेत ‘देशी’ अशी पाटी असली तरी त्यातलं निम्मं सह्याद्रीच्या पावसाचं असतं. तुम्हाला हवी बालाघाटच्या उतारावरची आणि तुमच्याच गायरानातली झाडं, जी चार महिने पावसात आणि आठ महिने पावसाशिवाय काढतात. एप्रिल-मेमध्ये औशाच्या पुढे तुळजापूरच्या दिशेने गाडी काढा आणि रस्त्याकडेला काय जिवंत आहे ते नीट बघा. तीच तुमची यादी. कुठल्याही कॅटलॉगपेक्षा मला तिच्यावर जास्त भरवसा आहे.

पण खड्डे घेण्याआधी एक काम करा. समोरच्या जागेत दोन-तीन ठिकाणी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-चार तासांत गेलं तर खाली मुरूम आहे, चिंता नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर खाली चिकण काळी माती आहे आणि तुमचा खरा प्रश्न पावसाळ्यातला आहे. कोरड्या मुलखातली झाडं मे महिन्यात सहसा मरत नाहीत, ती ऑगस्टमध्ये मुळाशी पाणी साचून मरतात. त्यामुळे अशा जागी खड्ड्यात झाड बसवू नका. माती आणि मुरूम निम्मे-निम्मे मिसळून फूटभर उंचीचा पसरट उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. बांधकामाच्या वेळचा सिमेंट-चुन्याचा राडारोडा समोर पुरलेला असण्याचीही शक्यता आहे. नव्या वसाहतीत तो नेमका जिथे झाड लावायचं तिथेच निघतो. सापडेल तो सगळा उपसून बाहेर काढा.

कडुनिंबाबद्दल मला थोडं सावध बोलायचं आहे. झाड म्हणून त्याला तोड नाही. मार्च-एप्रिलमध्ये, बाकी सगळं करपलेलं असताना त्याला कोवळी पालवी येते, आणि त्याच्या सावलीसारखी सावली मराठवाड्यात दुसरी नाही. पण तो पन्नास-साठ फूट वाढतो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढून घेतं, माती जास्त आकसते आणि त्याचा ताण भिंतींवर येतो. किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात भिंतीला केसाएवढी भेग दिसली तरी घरातल्या मोठ्यांच्या पोटात गोळा येतो. ती धास्ती स्वतःहून का ओढवून घ्यायची? शिवाय झाड वाढलं आणि नकोसं झालं तर शहरात ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी १९७५ सालचा कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणून कडुनिंब दाराशी नको. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, वरून विजेच्या तारा जात नसतील आणि पालिकेने हो म्हटलं तर तिथे लावा. पश्चिमेचं ऊन तो तिथूनही अडवेल, आणि सावली येणाऱ्या-जाणाऱ्यालाही मिळेल.

आवारात फक्त दोन झाडं घ्या आणि दोन्ही समोर, कंपाउंडपासून तीनेक फूट आत. एका कोपऱ्यात आपटा, दुसऱ्या कोपऱ्यात बहावा. बाजूच्या सात फुटांच्या पट्ट्यांत झाड नकोच, तिथे झुडपं.

आपटा माझा फार आवडता आहे. लहानखुरा, वाकडातिकडा वाढणारा, मुरमाड जमिनीतही तग धरणारा. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. खऱ्या आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. ते बघूनच रोप घ्या. दसऱ्याच्या दिवशी शेजारीपाजारी फांद्या मोडायला येतील तेव्हा तुम्हीच हाताने थोडी पानं खुडून द्या. पहिली चार-पाच वर्षं झाड ओरबाडू देऊ नका.

बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी भरतो, हे तुम्हाला माहीतच आहे. कधी त्याची पानं खाल्लेली दिसली तर औषध फवारू नका. पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात त्या. झाडाला काही होत नाही, महिन्याभरात नवी पानं येतात.

बाकी सगळी जागा झुडपांची, आणि त्यात पहिला मान तरवडाचा. हे झुडूप आपल्याकडे इतकं पायाखालचं आहे की रोपवाटिकेत सहसा मिळतही नाही. शेजारच्या तेलंगणाने मात्र त्याला राज्यफूल केलं आहे, बतुकम्माच्या सणात त्याच्या फुलांचे थर रचतात. जवळून बघा कधी. चिंचेसारखी पण जरा मोठी, जोडीजोडीने लागलेली पर्णिका, देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीच्या आकाराची गोल उपपर्णं, आणि फांदीच्या टोकाला सोनेरी पिवळ्या फुलांचा घोस. शेंगा चपट्या, कागदासारख्या, बी कुठे आहे ते वरूनच उठून दिसतं. साल पूर्वी कातडी कमावायला वापरत. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. उंची चार-पाच फूट, छाटलं की पुन्हा भरगच्च फुटतं, आणि एकदा रुजलं की पाणी मागत नाही. कंपाउंडच्या कडेने अडीच-तीन फुटांवर एकेक लावत गेलात तर दोन पावसाळ्यांनंतर पिवळं कुंपण तयार. बी आत्ताच गोळा करा, माळावर वाळलेल्या शेंगा असतील. बियांचं कवच कडक असतं, म्हणून कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी फुगलेल्या बिया पिशवीत दोन-दोन पेरा. जुलैपर्यंत रोपं लावण्याजोगी होतील.

त्याच्या सोबतीला उत्तरेच्या पट्ट्यात अडुळसा आणि निरगुडी. दोन्ही खोकल्या-सांधेदुखीच्या घरगुती औषधांत सासूबाईंच्या ओळखीच्या असतील. दक्षिणेला, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे करवंदाची जाळी. ती काटेरी असते, म्हणून मुलगी खेळेल त्या बाजूला नको, पण मे महिन्यात तिला घरची करवंदं मिळतील. मधल्या सांध्यांत पिवळी कोरांटी, तीही काटेरीच, पण हिवाळ्यात फुलते. मागे परसात कढीपत्ता आणि शेवगा. त्यांना आंघोळीचं पाणी चालतं. कपड्याच्या पावडरीचं पाणी मात्र कुठल्याच झाडाला देऊ नका, आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही नको, त्यात क्षार फार असतात. तुमच्या बोअरच्या पाण्यात ते आधीच असतील.

घरात लहान मूल आहे म्हणून तीन गोष्टी टाळा : कण्हेर, गुंज आणि कळलावी. तिन्ही दुष्काळाला दाद देत नाहीत आणि कुणीतरी प्रेमाने आणूनही देईल. कण्हेर आणि कळलावी सगळ्या अंगाने विषारी आहेत, आणि गुंजेचं लालभडक बी तर लहान मुलाने हमखास तोंडात घालावं असं दिसतं.

तुम्हाला हिरवं अंगण हवं आहे, त्यावर मला मनापासून काही सांगायचं आहे. पाण्याशिवाय मे महिन्यात हिरवं राहणारं अंगण लातुरात होत नाही. आपल्या माळावरची झाडं पानं गाळून पाणी वाचवतात, आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात. पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये, मग बहावा. करवंदीची पांढरी वासाची फुलं उन्हाळा लागतानाच येतात, कडुनिंबाचा मोहोर चैत्रात. तुमच्या घराला उन्हाळ्यात पिवळा-पांढरा रंग आणि वास मिळेल, हिरवा रंग जूनपासून डिसेंबरपर्यंत. गवताचंही तसंच. समोर थोड्या जागेत मारवेल आणि पवन्या ही आपली माळाची गवतं लावा. पावसाळ्यात ती गुडघाभर वाढतात, दिवाळीनंतर पिकून तांबूस-सोनेरी होतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फार देखणी दिसतात. विश्वास बसत नसेल तर हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य बघून या, सगळं रान त्या रंगाचं झालेलं असतं. कुसळी गवत मात्र घराशी नको, त्याची कुसळं कपड्यांत आणि मुलांच्या पायांत घुसतात.

यजमानांचं म्हणणं मी टाकून देत नाही. रोजची झाडलोट आणि चिखल कुणाला तरी काढावा लागतो, आणि पेव्हरमध्ये सोय आहे हे खरं. पण पश्चिमेला तोंड असलेल्या घरासमोर सगळे पेव्हर टाकले तर दुपारी तापलेली ती फरशी रात्री उशिरापर्यंत आच सोडत राहील आणि पुढच्या खोलीत बसवणार नाही. पाणीही मुरणार नाही, थेट रस्त्यावर जाईल. मधला मार्ग असा : गाडीच्या चाकांखाली दीड-दीड फुटाच्या दोन पट्ट्या शहाबादी फरशीच्या, फाटकापासून दारापर्यंत चालायची एक वाट, झाडं-झुडपं आणि गवताची जागा सोडून बाकी सगळीकडे मुरूम दाबून वर बारीक खडी. याने पेव्हरपेक्षा खर्चही कमी होईल.

सासूबाईंची भीतीही खोटी नाही. साप आपल्याकडे घराशी येतात. पण ते झाडासाठी येत नाहीत, उंदरांच्या आणि बेडकांच्या मागे येतात, आणि लपायला जागा मिळाली तर थांबतात. विटांचा ढीग, सरपण, जुनं सामान, उघडं खरकटं ही त्यांची जागा. म्हणून घराच्या भिंतीपासून सगळ्या बाजूंनी तीन फूट पट्टा नुसत्या खडीचा, मोकळा ठेवा. त्याने पायाही कोरडा राहील. झुडपांच्या जमिनीलगतच्या फांद्या फूटभर छाटून घ्या, खालून आरपार दिसायला हवं. गवत पिकून बी पडलं की जानेवारीत कापून टाका. रात्री दाराशी दिवा लावा. एवढं केलंत तर त्यांचं समाधान होईल. आणि त्यांचा चाफा अजिबात हलवू नका. तो मूळचा परदेशी असला तरी फांद्यांत पाणी साठवून उन्हाळा काढतो, तुमच्यावर भार टाकत नाही, आणि माहेरची फांदी आहे.

आता वेळापत्रक. एप्रिल-मेमध्ये खड्डे घेऊन ठेवा, झाडासाठी दोन फुटांचे, झुडपासाठी फुटाचे. ते उन्हात तापू द्या. पहिल्या सरीला भुलून लावणी करू नका. शेतकरी पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट बघतो, तुम्हीही बघा. रोपं वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी विचारा, तिथे माळावरची झाडं मिळण्याची शक्यता जास्त आणि दरही कमी असतो. फूट-दीड फुटाचं रोप घ्या. सहा फुटांचं मोठं झाड आणायचा मोह होईल, पण पिशवीत त्याची मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात आणि ती जमिनीत लवकर खाली जात नाहीत. पिशवी कापल्यावर मुळं अशी दिसली तर हाताने सोडवा, बुडाची वळलेली टोकं कात्रीने कापा, मगच लावा.

दुष्काळात तगणारं झाडही पहिली दोन-तीन वर्षं पाणी मागतंच, हे यजमानांना आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात एखादं रोप वाळलं की देशी झाडांवरचा विश्वास उडतो. पहिल्या उन्हाळ्यात झाडाला आठवड्याला १०-१५ लिटर, झुडपाला त्याच्या निम्मं. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्याला एकदा, मग बंद. रोज थोडं थोडं शिंपडू नका, मुळं वरच्या वर पसरतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे रोपापासून फूटभर अंतरावर बिनझिलईचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर थाळी झाकायची. पाणी झिरपत मुळाकडे जातं, दुपारच्या उन्हात उडून जात नाही. आळ्यात चार बोटं जाडीचं आच्छादन हवंच. लातुरात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचं भुसकट आणि हंगामात उसाचं पाचट जितकं हवं तितकं मिळतं. फक्त ते खोडाला आणि घराच्या भिंतीला टेकू देऊ नका, वाळवी लागते.

राहिली तुमची मुलगी. तिला अनवाणी खेळायला थोडं मऊ गवत हवं, हे मला पटतं. त्यासाठी मागच्या दाराजवळ, न्हाणीघराचं पाणी पोहोचेल तिथे सहा बाय दहा फुटांचा तुकडा हरळीचा ठेवा. हरळी म्हणजे दूर्वाच. पाणी तुटलं की ती वाळल्यासारखी दिसते, पण मुळाने जिवंत राहते आणि पाऊस पडला की चार-सहा दिवसांत उठते. गणपतीत दूर्वा विकत आणाव्या लागणार नाहीत. लॉनचं गवत काढताना कडेला हरळी घुसलेली दिसेल, ती टाकू नका. तिच्या कांड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मागे लावून टाका.